आठ की सतरा?

विकलेल्या वस्तूपेक्षा फुकट दिलेल्या वस्तूची जबाबदारी अधिक असते, असे माझे मत दिवसेंदिवस होत चालले आहे. विकलेल्या वस्तूचा निदान हिशेब तरी मिटतो. फुकट दिलेली वस्तू कोणाच्या घरी कोणत्या कोनाड्यात जाऊन बसली, हे देणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

मी एक लहानशी लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची नव्हे, इतरांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये घ्यावी अशी, जावा भाषेत लिहिलेली आणि सर्वांना खुली. आकडा दिला की ती मराठीत अक्षरी रक्कम देते. काम क्षुल्लक वाटेल. पण आपल्याकडे शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचे नाव निराळे! एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांनी मला जेवढे छळले, तेवढे गणिताच्या मास्तरांनीही छळले नव्हते.

ती कोणत्या कंपायलरसाठी ठेवायची, हा खरा प्रश्न. कंपायलर आपले लिखाण यंत्रणेला चालेल अशा रूपात उतरवतो आणि तयार फाइलीवर एक आकडा ठोकतो : जावा ८ चा ५२, १७ चा ६१. फक्त ५२ पर्यंत ओळखणाऱ्या यंत्रणेपुढे ६१ ची फाइल आली, की ती दारातूनच परत पाठवते. आत काय आहे ते वाचण्याची तसदीही घेत नाही. नव्या कंपायलरला जुना आकडा ठोकायला सांगता येते, पण मग लिहायचेही जुन्याच व्याकरणात.

२०१७ नंतर जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. बहुतेकींची विचारपूस पुढची येईपर्यंतच. काहींना मात्र वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळतात : २०१४ ची ८, २०१८ ची ११, २०२१ ची १७, २०२३ ची २१, २०२५ ची २५. लायब्ररीने यांपैकीच एकीवर पाय रोवावा, इथवर वाद नाही. कोणत्या एकीवर, इथे भांडण.

माझा तरुण सहकारी १७ साठी हटून बसला. 'रेकॉर्ड' नावाच्या सोयीने पानभर लिखाण चार ओळींत येते. शिवाय स्प्रिंगसारखा बडा संच २०२२ मध्येच १७ वर गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच आठवड्यात एका तालुक्याच्या पतसंस्थेतून पत्र आले : पावतीवरची अक्षरी रक्कम तुमच्यामुळे छापली जाते, आमच्याकडे ८ आहे, यंत्रे बघणारा माणूस गाव सोडून गेला.

स्प्रिंग जिथे असते तिथे यंत्रणा बदलणारी माणसेही असतात. माझी लायब्ररी आहे तिथे एक कारकून आहे. मी ८ ठेवले. आकड्यांची नावे काही दर सहा महिन्यांनी बदलत नाहीत!

सहकारी दोन दिवस रुसला. मग त्यानेच प्रत्येक बदल ८, १७ आणि २५ या तिन्हींवर आपोआप तपासला जाईल अशी व्यवस्था बसवली. पतसंस्थेला मी कळवले, की ८ ला दुरुस्त्या अजून मिळतात, तेवढ्या घालत चला.

उत्तर आले : घालणारा मिळाला की घालतो.