शेव, चकली आणि पाच पाती हरळी

गिनीपिग पाळलेत असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "कसले प्रयोग करतेस त्यांच्यावर?" मी आता हसून सोडून देते. माझ्याकडे दोघी आहेत, शेव आणि चकली. मेच्या शेवटी घरी आल्या तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांच्या होत्या आणि दुकानात त्यांनी दाण्यांशिवाय फारसं काही पाहिलेलं नव्हतं.

जूनमध्ये सोसायटीच्या कुंपणालगत हिरवंगार उगवून आलं. धाकटा भाऊ म्हणाला, "सोडूया की त्यांना बागेत. गवतच तर खातात!"

"पहिल्या पावसाचं आहे ते. बेतानं," पेपरमधून डोकं न काढता बाबा म्हणाले.

बाबा त्यांना 'उंदरं' म्हणायचे आणि पिंजऱ्याजवळही फिरकायचे नाहीत. पण जुन्नरकडच्या आमच्या घरी दोन गायी आणि बैलजोडी होती. पुण्याला यायच्या आधी ती विकली. त्या दिवशी ते खूप दिवसांनी गुरांबद्दल बोलले. मृगाचं कोवळं गवत आलं की गुरं थेट सोडायची नाहीत. आधी कडबा घालून पोट निम्मं भरायचं, मग थोडा वेळ चरू द्यायचं. नाहीतर डावी कूस ढोलासारखी फुगते.

गिनीपिगचंही तसंच असतं. फरक एवढाच, की गुरांचा गवत आंबवायचा कारखाना पुढे, पोटात असतो आणि यांचा मागे, आतड्यात. तिथल्या जंतूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दिवस लागतात. एकदम ढीगभर हिरवं गेलं तर गॅस धरतो, आणि या जिवांना उलटी करता येत नाही. तरी हिरवं हवंच. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही, अगदी आपल्यासारखंच. (1907 साली नॉर्वेतल्या दोन संशोधकांना स्कर्व्हीचा अभ्यास करता आला तो याच कारणामुळे. म्हणजे लोकांचा तो प्रश्न अगदीच निराधार नाही.)

पहिले दहा दिवस फक्त सुकं गवत. ते दोघी पोटभर खायला लागल्यावर सकाळच्या सुक्या गवतानंतर प्रत्येकीला हरळीची पाच पाती. दुसऱ्या दिवशी लेंड्या तपासायच्या. कोरड्या, टणक असल्या तरच पाती वाढवायची. हे काम बाबांनी चष्मा लावून स्वतःकडे घेतलं.

कुंपणालगतचं गवत त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं. तिथे कुत्री फिरतात, सोसायटी औषध फवारते, शिवाय मध्येमध्ये गाजरगवत आणि घाणेरी. माळीकाकांनी मशीननं कापलेल्या गवताची पिशवी देऊ केली, तीही नको, कारण चिरडलेलं गवत ढिगात तापून आंबायला लागतं. मग बाल्कनीत पसरट कुंडी आली. तिच्यातली हरळी कात्रीनं कापायची, पावसानं भिजली असेल तर सुती फडक्यावर पसरून पाणी निथळू द्यायचं.

चौथ्या दिवशी चकलीच्या लेंड्या मऊ झाल्या. डॉक्टरांना फोन केला. खाते आहे तोवर हिरवं बंद, फक्त सुकं गवत आणि पाणी. खाणं थांबलं, पोट ताठ लागलं किंवा कोपऱ्यात अंग आक्रसून बसली तर रात्रीही घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. एवढ्याशा जिवानं खाणं सोडलं तर काही तासांतच हाताबाहेर जातं.

रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर बाबा पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसलेले. मोबाईलच्या उजेडात ती गवत ओढते की नाही ते पाहत होते.

"खातेय," ते म्हणाले. "तू झोप."

तीन दिवसांनी पुन्हा दोन पात्यांपासून सुरुवात. मूठभर गवतापर्यंत पोहोचायला जुलै उजाडला.

आता बाल्कनीत कात्रीचा आवाज आला की दोघी पिंजऱ्याच्या गजांना लटकून शिट्ट्या घालतात. कात्री माझ्या हातात असली तरीही बघत असतात बाबांच्या खुर्चीकडे. बाबा अजून त्यांना उंदरंच म्हणतात.