आधी नाव

धरमपेठेत घर हवं होतं ते मुलांसाठी. ट्रॅफिक पार्क जवळ, गोकुळपेठेचा बाजार जवळ. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा. पहिल्या घरच्या काकूंनी धाकट्याच्या हातावर चिक्की ठेवली, भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं. मग नाव विचारलं. "यांना विचारून कळवते," म्हणाल्या. फोन आला नाही. दुसरीकडे ब्रोकरच म्हणाला, "भाऊ, तुमची फॅमिली चांगली आहे, पण सोसायटी ऐकत नाही. जाफरनगरला बघू का?"

1917 साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनाही जातीमुळे राहायला जागा मिळाली नव्हती. 1956 साली त्यांनी धम्मदीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी इथून जवळच आहे. राज्यघटनेच्या कलम 15 ने दुकानं, हॉटेलं, विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. भाड्याच्या घराचा उल्लेख त्यात नाही.

परतताना थोरलीने विचारलं, "अब्बू, धाकट्याने दंगा केला म्हणून काकू नाही म्हणाल्या का?" तिला वाटत होतं, चूक भावाची.

आता मी फोनवरच आधी नाव सांगतो. मुलांना उगाच जिने चढायला लावत नाही.