एका शब्दापाशी थांबलेली ज्ञानेश्वरी

आत्याची ज्ञानेश्वरी आता माझ्याकडे असते. तिच्यात गीतेचे श्लोक ठळक, मोठ्या टायपात आहेत आणि ओव्या त्याहून बारीक. पारायणाला बसलं की डोळ्यांना त्याचीच सवय लागते. ठळक अक्षर आलं की जरा थांबायचं, मग पुन्हा ओव्यांची वाट धरायची. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सुरू झाली आणि ती सवय कोलमडली. पानं उलटत गेले, पण ठळक अक्षर काही येईना. कुठे आहोत म्हणून मागे जाऊन पाहिलं, तर ज्ञानेश्वर महाराज एकाच शब्दापाशी बसले होते. शब्द होता आचार्योपासना.

मूळ श्लोकात नऊ लक्षणं एका दमात सांगितली आहेत. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव, मग ही आचार्यांची उपासना, आणि लगेच शौच. श्रीकृष्ण तिथे थबकत नाहीत. शंकराचार्यांनीही भाष्यात या पदाचा अर्थ एका वाक्यात सांगून टाकला आहे: मोक्षाचा मार्ग दाखवणाऱ्या आचार्याची शुश्रूषा वगैरे करून सेवा करणं. ज्ञानेश्वरांनी त्याच पदावर सुमारे ९० ओव्या लिहिल्या. अहिंसेवर त्यांनी याहूनही जास्त लिहिलंय, पण तिथे खंडनमंडन आहे, कोणाचं कुठे चुकतं ते दाखवायचं आहे. इथे कुणाशीच वाद नाही. इथे नुसता ऊर भरून आलेला आहे.

त्या ओव्यांत काय काय आहे, हे सांगायला मला मनापासून आवडतं. सुरुवात दुरून होते. गुरू जिथे राहतात ती दिशासुद्धा या शिष्याला आवडते. तिकडून वारा आला की हा धावत सामोरा जातो आणि घरी चल म्हणतो. देह आपल्या गावात आहे, कारण गुरूंनीच इथे राहायला सांगितलंय. मन मात्र दाव्याला बांधलेल्या वासरासारखं तिकडे ओढ घेतंय. मग ध्यान सुरू होतं आणि नाती भराभर बदलू लागतात. गुरू आई होतात, हा तिच्या अंगावर लोळणारं मूल होतो. गुरू गाय, हा वासरू. गुरू पक्षीण, हा चोचीतून चारा घेणारं पिल्लू. मग ध्यानही पुरेनासं होतं आणि सेवेचे मनोरथ चालू होतात. त्यांच्या घरातली सगळी कामं मीच करीन. दाराशी द्वारपाल मी, पादुका पायांत घालणारा मी, छत्र धरणारा, वाट दाखवणारा, चवरी ढाळणारा मी. विडा मी देणार, स्नान मी घालणार, पाय मी चेपणार. कुठलंच काम दुसऱ्या कुणाला मिळू द्यायचं नाही, अशी लहान मुलाची असते तशी हावरी माया आहे ती.

आणि तरी ते थांबत नाहीत. हे झालं देह असेपर्यंतचं. देह पडल्यावर काय? तर या देहाची माती गुरूंचे पाय जिथे टेकतील त्या जमिनीत मिसळेन. अंगातलं पाणी ते ज्या पाण्याला शिवतील त्यात विरघळवेन. तेज त्यांच्यापुढे ओवाळल्या जाणाऱ्या दिव्यांत नेऊन ठेवेन. वारा त्यांच्या चवरीत, आकाश त्यांच्या अवतीभवती. पंचमहाभूतं वाटून झाली तरी सेवा शिल्लक उरावी, असा हा बेत! मरणानंतरच्या स्वर्गाची वर्णनं मी बरीच वाचली आहेत, कुठल्याच वर्णनाने मला तिथे जावंसं वाटलं नाही. चवरीतला वारा व्हावं, हे मात्र वाटलं.

हे सगळं लिहिणारा मुलगा परंपरेच्या हिशेबाने पंधरा वर्षांचा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. नेवाशाचं देऊळ, टेकायला एक खांब, उतरून घ्यायला सच्चिदानंदबाबा. आणि ज्यांच्या दिशेकडून येणाऱ्या वाऱ्याला मिठी मारायची आहे, ते गुरू समोरच बसले आहेत. त्याच्याहून दोन-एक वर्षांनी मोठे, सख्खे भाऊ.

इथे माझं वाचन दर वेळी थांबतं. परक्या माणसाला गुरू मानणं सोपं असतं. तो गुहेत राहतो, त्याचं वय, त्याची जटा, त्याच्याभोवतीचं गूढ हे सगळं आपल्याला वाकायला मदत करतं. इथे तर ज्याच्याबरोबर माधुकरी मागितली, एका ताटातला घास वाटून घेतला, तोच गुरू आहे. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तेव्हा ही चार भावंडं पोरकी झाली. घरात वडील माणूस म्हणजे निवृत्ती, आणि तोही पोरच. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आला, सगळे पांगले, निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे गहिनीनाथ भेटले, असं सांगतात. म्हणजे या घरातलं ज्ञान एका घाबरलेल्या मुलाला अंधारात मिळालं. ते त्याने स्वतःपाशी ठेवलं नाही, धाकट्याच्या हाती दिलं. गादी नव्हती, मठ नव्हता, द्यायला दुसरं काही नव्हतंच.

गुरुभक्तीबद्दल मी सावध असते. सर्वस्व वाहून टाका, असं कुणी सांगू लागलं की ते वाहून कुठे जाणार आहे, हे मी आधी बघते. तेराव्या अध्यायातल्या या ओव्या एखाद्या सत्तेच्या माणसापुढे म्हटल्या गेल्या तर त्यांची फार वाईट वाट लागू शकते, हे मला कळतं. पण या ठिकाणी घेणाऱ्याकडे पाहावं. निवृत्तिनाथांनी या ९० ओव्यांतून स्वतःसाठी काय घेतलं? काहीच नाही. उलट पुढच्याच अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव पुन्हा स्तुतीत रंगतात तेव्हा ते त्यांना आवरतात. आपण दोघं एकच असताना स्तुतीच्या निमित्ताने दोनपण कशाला आणतोस, ग्रंथाचा अर्थ सांग, लोक ऐकायला बसलेत, अशा अर्थाचं ते बोलतात. माझ्या मते खरा गुरू ओळखायची हीच खूण आहे: आपल्यावरचं प्रेम तो लोकांकडे वळवतो. गीता मराठीत आली ती या आवरण्यामुळे.

या लांबलेल्या भागाच्या शेवटी ज्ञानेश्वर जे म्हणतात ते तर मला पाठ झालंय, इतकं मी ते वाचलंय. सेवा करायला मला हात नाहीत, भजनाकडे लक्ष द्यायला डोळे नाहीत, गुरूंचं वर्णन करायला वाचा नाही, मी आयतं खाऊन पोसलेला आळशी आहे. पण मनात प्रेम आहे, आणि म्हणून हे इतकं वाढवावं लागलं. एवढं सहन करा, आता ग्रंथाचं नीट सांगतो. नव्वद ओव्या ओतून झाल्यावर हा मुलगा म्हणतो की मला बोलता येत नाही! यात खोटा विनय मला कधीच वाटला नाही. फार मिळालेल्या माणसाला आपलं बोलणं अपुरंच दिसतं.

पुढे, अज्ञानाची लक्षणं सांगताना, गुरूकडून विद्या घेऊन त्याच्यावरच माजणारा माणूस येतो. त्याचा उल्लेख करावा लागला म्हणून ज्ञानेश्वरांना आपली वाचा विटाळल्यासारखी वाटते. मग ते प्रायश्चित्त म्हणून गुरुभक्ताचं नाव घेतात. एवढ्या मोठ्या ग्रंथात, जिथे खळांसाठीही दान मागितलं आहे, तिथे कृतघ्न माणसापाशी मात्र त्यांची जीभ अडखळते.

गाणाऱ्यांकडे गुरूविषयीची ही कृतज्ञता अजून जिवंत आहे. गुरूचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. मैफिलीत बोलता बोलता, प्रवासात, चहाच्या टेबलाशी, कुठेही. मला तो हात फार आवडतो. भीमसेन जोशींनी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण मला जास्त मोठं वाटतं ते १९५३ साली पुण्यात सुरू झालेलं काम. गुरू गेले त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने उत्सव सुरू झाला आणि भीमसेनजींनी तो वर्षानुवर्षं स्वतः उभा राहून सांभाळला, स्वतःचं नाव जगभर झाल्यावरही. आज थंडीत शाली घेऊन ‘सवाईला’ निघालेल्या हजारोंनी सवाई गंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. तरी त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या पाणी भरण्याचं हे पुढचं रूप आहे, असं मी मानते.

ज्ञानेश्वर वीस-एकवीस वर्षांचे असताना आळंदीला समाधीत बसले, १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग मी एका बैठकीत कधीच पुरे करू शकत नाही. सगळे रडतात, ते समजतं. पण निवृत्तिनाथ कोसळतात. ज्याने धाकट्याला मरण म्हणजे काही नव्हे हे शिकवलं, तोच कासावीस होतो, त्याचा बांध फुटतो. भावाला हात धरून आत नेणारा आणि दारावर शिळा ठेवणारा तोच. तेराव्या अध्यायातल्या त्या सगळ्या मनोरथांना हे उत्तर मिळालं, असं मला वाटतं. धाकट्याला थोरल्याची माती, पाणी, वारा व्हायचं होतं. थोरला त्याला जाताना पाहून एक भाऊ झाला, फक्त भाऊ. त्यानंतर वर्षभराच्या आतच सासवडला सोपान आणि मेहुणला मुक्ताई, ही धाकटी दोघंही गेली. निवृत्तिनाथ सर्वांत शेवटी, त्र्यंबकेश्वरी. थोरल्याच्या वाट्याला हे असं येतं.

त्र्यंबकेश्वरी गर्दी असते ती ज्योतिर्लिंगाला आणि कुशावर्तावर. निवृत्तिनाथांच्या समाधीकडे त्या मानाने कमी माणसं वळतात. पौष वद्य एकादशीला मात्र दिंड्या येतात, गार वाऱ्यात टाळ वाजवत, आणि गावाचा चेहराच बदलतो. तिथे माझ्या शेजारी बसलेल्या सिन्नरकडच्या एका बाईंना मी विचारलं, “आळंदीलाही जाता का?” तर म्हणाल्या, “जातो की. माउलीकडं मागायला जातो. हितं दादाकडं नुसतं येतो.” वारकरी त्यांना निवृत्तीदादाच म्हणतात. भावंडांनी हाक मारली असेल तशीच.

परत आल्यावर मी निवृत्तिनाथांची गाथा वाचायला घेतली. ती फारशी कुणी गात नाही, कीर्तनांतही कमीच येते, आणि याचं मला वाईट वाटतं. तिच्यात गोकुळातला कृष्ण खूप आहे. योग, निर्गुण, शून्य असं सगळं बोलता बोलता हा नाथपंथी एकदम यशोदेच्या अंगणात येतो आणि तिथून हलत नाही. आणि कित्येक अभंगांच्या शेवटी, जिथे आपलं नाव येतं तिथेच, गहिनींचंही नाव येतं. हे त्यांनी दिलं, एवढंच सांगून अभंग संपतो. धाकट्याने सांगायला ९० ओव्या घेतल्या, थोरल्याला दोन शब्द पुरले. मला दोन्ही लागतात. सध्या मी रोज सकाळी त्यातले चार-पाच अभंग वाचते, मोठ्याने, कारण मनात वाचले की ते फार लवकर संपतात.