नळीतल्या लाल रंगामागची गोष्ट

सांगली

चि. सानिका हिस,


तुझा फोटो मिळाला. नायट्रेटची नळी लाल, नायट्राइटची जांभळी, आणि खाली तुझा प्रश्न : "मामा, नायट्रेट चाळीस आलंय. दुकानदार म्हणतो टाकी तयार झाली, मासे आणू ना?"

इतक्यात आणू नकोस. आठवडाभराच्या टाकीत एवढं नायट्रेट हिशेबातच बसत नाही. तो हिशेब तुझा तुला करता यावा, म्हणून फोनवर दोन शब्दांत न सांगता सविस्तर लिहितोय.

मासे आणण्याआधी फिल्टरमध्ये जिवाणू वाढावेत म्हणून तू रिकाम्या टाकीत दोन पीपीएम अमोनिया घातलास. जिवाणूंनी तो झाडून सगळा पालटला, तरी त्याचं नायट्रेट होईल सातच्या आसपास. मग बाकीचं आलं कुठून?

आधी नळाकडे बघ. तुझ्या केंब्रिजचं पाणी जमिनीखालच्या खडूच्या खडकातून उपसतात आणि त्या भागात वर सगळी शेती. पिकांना घातलेल्या खतातलं नायट्रेट झिरपत खाली उतरतं. इंग्लंडात पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, आपल्याकडे ४५. म्हणजे कायद्याने चोख असलेलं पाणीसुद्धा तुझ्या किटवर चाळीस दाखवू शकतं. आपल्या उसाच्या पट्ट्यात युरिया काही कमी पडत नाही, त्यामुळे बोअरचं पाणी मी तपासल्याशिवाय टाकीत घेतच नाही. तूही नुसतं नळाचं पाणी तपास आणि आकडा वहीत लिहून ठेव. तुझं मोजमाप तिथून सुरू होतं, शून्यापासून नाही.

दुसरं कारण त्या जांभळ्या नळीत आहे. हे किट नायट्रेटला थेट रंग आणत नाही. धातूची बारीक भुकटी आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग नायट्राइटला रंग चढतो. ही रंगाची युक्ती १८७९ सालची, पीटर ग्रीस नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. तो नोकरीला होता तुझ्याच इंग्लंडात, बर्टन-ऑन-ट्रेंटच्या एका बिअरच्या कारखान्यात. आता यातली गोम बघ. भुकटी नायट्रेटचा काही भागच पालटते आणि तक्त्यावरचे रंग ते धरूनच ठरवलेले असतात. पाण्यात आधीपासून असलेलं नायट्राइट मात्र सगळंच्या सगळं रंगतं. त्यामुळे थोडंसं नायट्राइटही नायट्रेटचा आकडा भलताच फुगवतं. नायट्राइटची नळी जांभळी आहे तोवर नायट्रेटच्या नळीवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटही होतं. ती भुकटी नायट्रेटच्या किटमधल्या दुसऱ्या बाटलीच्या तळाशी घट्ट बसते. बाटली टेबलावर चार-सहा वेळा आपट, अर्धा मिनिट जोरात हलव, मगच थेंब घाल. नंतर नळीही मिनिटभर हलव. यात कुचराई झाली की नळी पिवळीच राहते आणि नायट्रेट नाहीच असं वाटतं. रंग दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून बघ. तरीही चाळीस आणि ऐंशीचा लाल वेगळा ओळखणं कठीणच. आणखी एक, काही किट नायट्रेट मोजतात आणि काही त्यातला फक्त नायट्रोजन. त्या दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणावं लागतं. माहितीपत्रकात तेवढं वाचून घे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अमोनियाचं नायट्रेट कोण करतं, हे १८७७ पर्यंत नक्की ठाऊक नव्हतं. हवेतला ऑक्सिजन आणि माती यांच्यातली ती निव्वळ रासायनिक क्रिया असावी, असा बऱ्याच जणांचा समज होता. फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युन्त्झ या दोघांनी काचेच्या उंच नळीत वाळू भरली, तीत थोडी चुनखडी मिसळली आणि वरून गटाराचं पाणी हळूहळू सोडत राहिले. वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया वरून आत जायचा, तसाच खालून बाहेर यायचा. मग नायट्रेट दिसू लागलं, वाढत गेलं आणि अमोनिया नाहीसा झाला. क्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती वीस दिवस कशाला थांबली असती? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बंद पडलं. नंतर विरजण लावावं तसं मातीचं थोडं पाणी वरून घातलं आणि ते पुन्हा सुरू झालं. हे काम जिवंत काहीतरी करत होतं!

सानिका, ती नळी म्हणजे तुझा फिल्टरच. तुझे हे रिकामे दिवस म्हणजे त्यांचे ते वीस दिवस. चुनखडीचंही कारण होतं. हे जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि पाणी फार आम्ल झालं की स्वतःच मंदावतात. तुझ्या नळाच्या पाण्यात चुना आधीच विरघळलेला असल्यामुळे तुला ती काळजी नाही.

हे जिवाणू वेगळे काढून वाढवणं जमलं १८९० मध्ये, झुरिकला, विनोग्राद्स्की यांना. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, हे त्यातून पक्कं झालं. दुसरा गट मागून जोर धरतो, म्हणून तुझी नळी सध्या जांभळी आहे. २०१५ मध्ये दोन्ही कामं एकट्याने उरकणारे जिवाणूही सापडले. त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते.

तेव्हा आता असं कर. हीटर २८ वर ठेव, एअरपंप चालू राहू दे. कुणाकडून निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तुझ्या फिल्टरमध्ये घाल, तो मात्र नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुऊ नकोस. नायट्राइट उतरलं की पुन्हा दोन पीपीएम अमोनिया घाल. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार. नायट्रेट नळाच्या आकड्याहून किती वर गेलंय ते तेव्हा बघ, त्या वेळी तो आकडा खरा असेल. मग क्लोरीन काढलेल्या पाण्याने टाकी तीन-चतुर्थांश बदल आणि आधी थोडेच मासे सोड.

नळाच्या पाण्याचं रीडिंग आजच घे आणि मला कळव. आई-बाबा मजेत आहेत.

तुझा,
मामा