दिसेल तेवढाच वेग

चालक नसलेल्या गाड्यांच्या शर्यतीवर कोड्यांचा खेळ बनवतो म्हटलं, की ‘मग खेळणारा करतो काय?’ हा प्रश्न ठरलेला. तो नियम लिहितो. पडद्यावर चौकटींचा रस्ता, हाताशी नियमांच्या पट्ट्या. त्या क्रमानं लावायच्या, ‘सोड’ दाबायचं आणि हात मागे घ्यायचा. पुढे गाडी जाणे नि नियम जाणे.

खेळाचं मूळ जुनं आहे. आलेख-कागदावर पेन्सिलीनं खेळायची एक मोटार शर्यत आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात तिच्यावर लिहिलं होतं. एका चालीत वेग फार तर एका घरानं वाढवता किंवा घटवता येतो, एवढ्या अटीवर तिची सगळी गंमत उभी आहे. मी त्यात गाडीची नजर घातली. तिला पुढची ठरावीक घरंच दिसतात.

समजा, गाडीला सहा घरं दिसतात, वेग ३ आहे आणि सातव्या घरावर बैल उभा आहे. तो अजून नजरेत नाही. गाडी तीन घरं जाते, मग बैल दिसतो. पुढची चाल दोन घरांची, त्यापुढची एकाची. गाडी सहाव्या घरावर थांबते. आता वेग ४ करा. गाडी चार घरं जाते, बैल दिसतो, ब्रेक लागतो. तरी पुढची चाल तीन घरांची, म्हणजे थेट सातव्यावर. वेग एकानंच वाढला होता.

अशी धडक खेळणाऱ्याला घर-घर मागे नेऊन बघता आली पाहिजे, यावर माझा सर्वांत जास्त वेळ जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या थ्रक्स्टनच्या ट्रॅकवर रोबोरेस या विनाचालक गाड्यांच्या शर्यतीतली एक गाडी सुरुवातीलाच वळून भिंतीवर गेली. बघणारे हसले. स्टिअरिंगच्या आज्ञेत आकड्याच्या जागी ‘हा आकडाच नाही’ असं मूल्य आलं होतं आणि चाक उजवीकडे टोकाला जाऊन अडकलं होतं, हा खुलासा नंतर झाला. कारण कळलं, की हसण्यासारखी धडक सोडवण्यासारखं कोडं होते.

धडकेचं कारण खेळणाऱ्याला शोधता यावं, याच विचारातून खेळातला कचारगड या गुहांच्या डोंगराचा नकाशा आला. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनपासून पायथ्याच्या धनेगावकडे जाणारा जंगलातला रस्ता मी घेतला. मोकळ्या पट्ट्यात गाडीला सहा घरं दिसतात, झाडीच्या वळणावर तीन. त्यावर माघ पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी घातली. गोंड समाजाची माणसं कित्येक राज्यांतून इथे येतात. नकाशातले यात्रेकरू रांग धरत नाहीत. थांबतात, मागे वळतात, कुणाला तरी हाका मारतात.

शेवटची रेघ मात्र धनेगावातच आखली, वर गुहेपाशी नाही. काली कंकालीची ३३ मुलं गुहेत कोंडली होती, दारावर प्रचंड शिळा होती आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी ती मुलं सोडवली, ही इथली गोंडांची कथा आहे. शिळा दिसली, की कोडं रचणाऱ्याचे हात शिवशिवतात. खोकी ढकलण्याचा ‘सोकोबान’ १९८२ पासून लोकांना वेड लावतोय. पण लोक जिथे माथा टेकायला चढून जातात, तिथे गुण मिळवायला शिळा ढकलायची नाही, हे मी ठरवून टाकलं. गाडी पायथ्याशी थांबते.

हा नकाशा रटाळ आहे, अशी तक्रार येते. सगळीकडे वेग २ ठेवणारा सुखरूप पोहोचतो, पण शेवटून पहिला. वेग ३ वाला पहिल्याच झाडीत आपटतो. मग लोक प्रत्येक वळणाला वेगळी पट्टी लावत सुटतात. पट्ट्या संपतात, वळणं संपत नाहीत. शेवटी कुणीतरी सगळ्या काढून एकच लावतो: दिसतं तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग. गाडी मोकळ्यावर आपोआप ३ घेते, झाडीत २ वर येते, आणि पुढचा नकाशा मी कितीही वाकडा काढला तरी त्या गड्याला पट्टी बदलावी लागत नाही.