उताराची उधारी

"अगं पण सगळा उतारच आहे ना? मग काय, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि सुटायचं!"

हे आमच्या टीम लीडचं मत. मी दोन आठवड्यांची रजा टाकून अमेरिकेत मॅरेथॉन पळायला चाललेय, हे त्याला आधीच पटलेलं नव्हतं. त्यात ती मॅरेथॉन डोंगरावरून खाली उतरणारी. म्हणजे त्याच्या लेखी मी बेचाळीस किलोमीटरची घसरगुंडी खेळायला निघाले होते.

खरं सांगू? मनातून मलाही तसंच वाटत होतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई मॅरेथॉन मी चार तास नऊ मिनिटांत केली होती. पेडर रोडच्या चढावर पाय जड झाले आणि चार तासांच्या आत येण्याचं स्वप्न तिथेच फ्लायओव्हरखाली राहिलं. नऊ मिनिटं! ऑफिसच्या लिफ्टसाठी आपण याहून जास्त वेळ थांबतो. तेव्हा वहिनीने फोनवर "सेंट जॉर्जला येतेस का? अडीच हजार फूट उतार आहे," असं विचारलं, तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि नकाशा नंतर बघितला.

सेंट जॉर्ज हे युटा राज्याच्या अगदी दक्षिण टोकाचं, वाळवंटातलं गाव. लास वेगासहून गाडीने दोन तास. दादा-वहिनी सॉल्ट लेक सिटीत राहतात, तिथून मात्र तीनशे मैल. मॅरेथॉन १९७७ पासून होते, ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या शनिवारी. सेंट्रल नावाच्या वस्तीजवळ, सव्वापाच हजार फुटांवर सुरू होते आणि २,७०० फुटांच्या आसपास गावातल्या बागेत संपते. आपल्या हिशेबात सांगायचं तर माथेरानहून नेरळला उतरलात की जेवढी उंची कमी होते, साधारण तेवढीच. फरक इतकाच, की इथे मिनी ट्रेन नाही.

वहिनीचं प्रकरण माझ्यापेक्षा सीरियस होतं. तिला बोस्टन हवं होतं.

बोस्टन मॅरेथॉनला बहुतेकांना टायमिंग दाखवूनच प्रवेश मिळतो. वहिनी एक्केचाळीस वर्षांची, तिच्या वयोगटातल्या बायकांना तीन तास पस्तीस मिनिटं. यासाठी लोक वर्षानुवर्षं उताराच्या शर्यती शोधत फिरायचे आणि सेंट जॉर्ज त्या यादीत कायम वरच्या नंबरात. बोस्टनवाल्यांच्या हे लक्षात न येतं तरच नवल. जून २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की २०२७ च्या शर्यतीपासून १,५०० ते २,९९९ फूट उतार असेल तर तुमच्या वेळेत पाच मिनिटं जास्तीची धरणार. ३,००० च्या वर दहा मिनिटं. ६,००० किंवा त्याहून जास्त उतार असेल तर ती शर्यत धरणारच नाही. गंमत म्हणजे बोस्टनचा स्वतःचा रस्ताही उताराचाच आहे. २०११ मध्ये जेफ्री मुताई तिथे २:०३:०२ मध्ये पळाला. तोवर इतक्या जोरात मॅरेथॉन कुणी पळालं नव्हतं, पण जागतिक विक्रम म्हणून ती वेळ धरली गेली नाही. विक्रमासाठी दर किलोमीटरला सरासरी एक मीटरहून जास्त उतार चालत नाही.

म्हणजे वहिनीला ३:३० च्या आत यायला हवं होतं. पण तेवढ्यानेही भागत नाही. अर्ज जास्त आले की कट-ऑफ लागतो, थेट अकरावीच्या ॲडमिशनसारखा. बोस्टन २०२६ साठी तो ४ मिनिटं ३४ सेकंदांवर लागला. म्हणून तिने ठरवलं होतं ३:२५.

"एवढं कशाला गं?" मी विचारलं. मोटेलच्या खोलीत आम्ही राइस कुकरमध्ये लावलेला वरण-भात खात होतो. दादा मुलांना घेऊन स्विमिंग पूलवर गेला होता.

"वन्सं," ती म्हणाली. (ती मला हे फक्त चिडवायला म्हणते.) "लग्न होऊन आले तेव्हा डिपेन्डंट व्हिसा. नोकरी करता येईना. बँकेत, फोनच्या बिलावर, सगळीकडे तुझ्या दादाचं नाव. मग पळायला लागले. या देशात माझ्या एकटीच्या नावावर आलेली पहिली गोष्ट म्हणजे बिब नंबर."

यावर मी काय बोलणार? भातावर आणखी तूप घातलं.

पहाटे चारला उठून आम्ही बस पकडली. या शर्यतीचा सगळ्यात विचित्र भाग हाच. अंधारात बस चढतेय, चढतेय, चढतच राहतेय आणि तुम्हाला हळूहळू उमगतं की हे सगळं अंतर परत पायांनी यायचंय. माझ्या शेजारी एक आजोबा होते, सत्तरीचे तरी. इथे दहा वर्षं पळलेल्यांचा एक खास क्लब आहे, ते त्यातले. मी पहिल्यांदाच आलेय कळल्यावर म्हणाले, "पहिले सात मैल ब्रेक लावून पळ. व्हेयोच्या चढावर लाजू नकोस, चाल. पंधराव्या मैलाला उजवीकडे बघ. आणि विसाव्याला माझी आठवण काढ."

"का?"

"कळेल," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

वर कडाक्याची थंडी आणि रस्त्याच्या कडेने शेकोट्या. हो, चक्क शेकोट्या! हजारो माणसं जुने स्वेटर, चंदेरी प्लॅस्टिकच्या शाली पांघरून हात शेकत उभी. कुणी प्रार्थना करतंय, कुणी टॉयलेटच्या रांगेत. हुरडा पार्टीला यावं तसं वाटत होतं, फक्त हुरडा नव्हता. मी राजगिऱ्याची चिक्की काढली आणि शेजारच्या मुलीला दिली. ती लास वेगासची नर्स होती. नाइट शिफ्ट संपवून आदल्या दिवशीच आली होती, आणि शेवटची झोप नीट कधी झाली ते तिला आठवत नव्हतं.

पावणेसातला सुटलो तेव्हा अंधारच होता. दिसत काही नाही, नुसता हजारो बुटांचा आवाज. डाव्या हाताला पाइन व्हॅलीच्या डोंगरामागे हळूहळू उजाडायला लागलं. पाय आपोआप पळत होते. आपण अचानक इतके भारी रनर कसे झालो, असं वाटायला लावणारा हा टप्पा आहे. आजोबांचं ब्रेक लावणं मला एक मैल आठवलं, नंतर नाही.

व्हेयो हे सातव्या मैलाचं गाव, पायसाठी प्रसिद्ध. आपल्याला पाय म्हटल्यावर भलतंच आठवतं, पण इथे फळांचा गोड पाय. गाव संपलं की जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीशेजारून मैलभराचा चढ लागतो. 'सगळा उतारच' म्हणणाऱ्या टीम लीडला तिथे उभं करायला हवं होतं. पुढेही अकराव्या मैलापर्यंत रस्ता वर-खाली होत राहतो. अर्ध्या अंतराला माझं घड्याळ २:०१ दाखवत होतं. म्हणजे चार तासांच्या हिशेबात एक मिनिट मागेच.

आणि मग ते पंधराव्या मैलाच्या आसपासचं. उजवीकडे जमीन अचानक संपते आणि खाली स्नो कॅन्यन. नावात स्नो असलं तरी बर्फाशी संबंध नाही, स्नो आडनावाच्या जुन्या पुढाऱ्यांवरून पडलंय. लाल आणि पांढऱ्या वालुकाश्माचे कडे. कधीकाळच्या वाळूच्या टेकड्याच दगड होऊन बसलेल्या, वाऱ्याच्या रेघासुद्धा तशाच. त्यांच्यावर मध्येच काळा लाव्हा सांडलेला. तो काळा दगड बघून मी चमकले. बेसॉल्ट! आपल्या सह्याद्रीचाच दगड. लाल-पांढऱ्या परक्या मुलखात सिंहगडाचा रंग दिसावा तसं झालं. ऊन नुकतंच कड्यांवर आलं होतं. माझ्या पुढचा एक माणूस चक्क थांबला, फोन काढला, फोटो घेतला, आणि "टायमिंग गेलं खड्ड्यात" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत पुन्हा पळायला लागला. मी थांबले नाही. याचं आता वाईट वाटतं.

कारण मी सुटले होते. बारा ते अठरा मैलांच्या त्या उतारावर माझ्याकडून जे पळणं झालं, ते आयुष्यात झालं नव्हतं. न्यूट्रल! वारा कानात, हात पसरलेले, तोंडावर मूर्ख हसू. वीस मैलांना घड्याळ बघितलं, २ तास ५९ मिनिटं. उरले सहा मैल आणि थोडं, हातात एक तास आणि वर एक मिनिट. आरामात!

मग आजोबांची आठवण आली.

चढावर दम लागतो, उतारावर नाही. त्यामुळे काही बिघडतंय हे कळतच नाही. उतरताना दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी आपलं वजन थोपवत असतो. म्हणजे तो ब्रेकचं काम करतो. अशा ताणाने स्नायूच्या आत बारीक बारीक इजा होत राहतात आणि हिशेब नंतर समोर येतो. उपाय एकच, आधी उतरण्याचा सराव. एकदा उतारावर मार खाल्ला की पुढचे काही आठवडे स्नायू तोच मार जास्त सहन करतात. म्हणून मी रविवारी पहाटे सिंहगडाच्या घाटरस्त्याने पळत उतरायचे. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्येही यवतेश्वरचा घाट चढताना नाही, उतरताना मांड्या बोलायला लागल्या होत्या. पण तिथे उतार दहा-साडेदहा किलोमीटर. इथे अठरा मैल झाले होते आणि ब्रेक जळाले होते. घाटात पाट्या असतात बघा, उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. मी त्या आयुष्यभर वाचत आलेय.

एकविसाव्या मैलाला मांड्यांत सिमेंट ओतल्यासारखं झालं. उतार अजून होताच, पण आता तो नकोसा झाला होता. सपाट रस्ता दिसला की बरं वाटायचं. एक तरुण मुलगा चक्क उलटा, पाठमोरा उतरत होता. मांड्यांना तेवढाच आराम. पाण्याच्या टेबलापाशी हातमोजे घातलेले स्वयंसेवक पायांना मलम चोळून देत होते. माझ्या आजीच्या वयाच्या एका बाईंनी माझ्या मांड्या अशा काही रगडल्या की मला रडू आलं. मलमाने नाही. तिथेच ती वेगासची नर्स कठड्याला टेकून रडत होती. मी उरलेली चिक्की तिच्या हातात दिली आणि निघाले. थांबायला हवं होतं का? पण घड्याळात मिनिटं सरत होती.

ब्लफ स्ट्रीटवरून गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंना माणसं, घंटा, पाट्या. शेवटचा मैल मला फारसा आठवत नाही. ३:५८:२५.

गळ्यात तिथल्याच लाल दगडाचं मेडल पडलं. बागेत गवतावर सगळीकडे माणसं आडवी. बसायला जमत नव्हतं म्हणून पडलेली. वहिनी एका झाडाखाली होती, बूट काढून, अंगठ्याचं काळं पडलेलं नख बघत.

"किती?" मी विचारलं.

"३:२९:१२."

मला डोक्यात बेरीज करायला वेळ लागला. पाच मिनिटं मिळवून ३:३४:१२. पात्र, ४८ सेकंदांनी. आदल्या वर्षीच्या नियमाने पावणेसहा मिनिटांनी पात्र झाली असती, आणि २०२६ चा कट-ऑफही त्यात बसला असता.

"पास झाले," वहिनी म्हणाली. "पण ॲडमिशन नाही मिळणार."

"अजून कुणी सांगितलंय? अर्जच मुळी सप्टेंबर २०२६ मध्ये."

"४८ सेकंदांवर कुणी घेत नाही गं. मी दहावीला पण अशीच राहिले होते, रुपारेलच्या लिस्टमध्ये." आणि मग ती हसायला लागली. हसताना पोटातले स्नायू दुखले म्हणून कळवळली, पुन्हा हसली. त्या हसण्यात थोडं रडणंही होतं. दोघीही त्याबद्दल बोललो नाही. दादाने मुलांना घेऊन येऊन विचारलं, "जिंकलात का?" आम्ही हो म्हटलं.

पुढचे तीन दिवस सॉल्ट लेकच्या घरात आम्ही दोघी जिना उलट्या उतरत होतो, कठडा धरून, पाठमोऱ्या. मुलांनी त्याचा व्हिडीओ केला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याहून आईचा लगेच फोन, "एवढे पैसे घालून हे करायला गेलात?"

ऑफिसात परत आल्यावर टीम लीडने टायमिंग विचारलं. सांगितलं. "अरे वा, सब-फोर! पण उतार होता ना?" मी म्हटलं, होता. दुसऱ्या दिवशी त्याला सिंहगडावर चल म्हटलं. फक्त उतरायला, वर गाडीने नेते. तो येतो म्हणालाय. अजून आलेला नाही.

आणि वहिनी? मी विमानतळावर बॅगा चेक-इन करत होते, तेव्हा तिने हळूच विचारलं, "मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत असते ना गं? तो पेडर रोडचा चढ नक्की कितव्या किलोमीटरला येतो?"