पस्तीस गुणांचा प्रश्न

बी.कॉम.च्या मुलाने संध्याकाळी जावाच्या वर्गाला कशासाठी जावे, असे शेजारच्या काकांनी विचारले, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. हो-नाहीत उत्तर देण्याजोगा तो प्रश्नच नव्हता. वर्गात मात्र पहिल्याच आठवड्यात दोनच उत्तरांचे प्रश्न भेटले : ट्रू किंवा फॉल्स. असे उत्तर देणाऱ्या मेथडला बूलियन म्हणतात. हे नाव जॉर्ज बूलवरून आले. जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा बहुतेक गणित स्वतःच शिकला आणि १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला, हे वाचून मला जरा धीर आला.

सरांनी सांगितले, "गुण घेऊन विद्यार्थी पास आहे का, ते सांगणारी मेथड लिहा. पस्तीसला पास." मी लिहिले : गुण ३५ हून मोठे असतील तर ट्रू परत कर, नाहीतर फॉल्स परत कर. ८० टाकले, ट्रू. २० टाकले, फॉल्स. शेजारचा कन्नड मित्र म्हणाला, "सरी इदे." मी खूश!

मग सहज स्वतःचेच गुण टाकले. सातवीत सहामाहीला कन्नडमध्ये मला नेमके ३५ पडले होते. तो पेपर हातात घेऊन मी उंबऱ्यावर किती वेळ उभा होतो, ते माझे मलाच ठाऊक. "पास झालास का?" बाबांनी विचारले. "झालो, पण..." त्या 'पण'च्या पुढचे आईने सावरून घेतले. यंत्राजवळ 'पण' नाही. त्याने सरळ फॉल्स छापले.

क्षणभर यंत्राचाच राग आला. चूक माझी होती. 'मोठे किंवा बरोबर' असे चिन्ह हवे होते. मी नुसते 'मोठे' लिहिले होते. सरांनी आणखी एक दाखवले : ही तुलना स्वतःच ट्रू किंवा फॉल्स असते, तीच परत करावी, इफ-एल्सचा पसारा हवा कशाला? चार ओळींची एक ओळ झाली. हे गळी उतरायला मला दोन दिवस लागले.

आता मी ८० आणि २० वर थांबत नाही. ३४, ३५, ३६ टाकून बघतो. परवा गंमत म्हणून १३५ टाकले, तर यंत्र म्हणाले ट्रू. शंभरापैकी एकशे पस्तीस! सर हसले. "तू तेवढं विचारलंस कुठं?"

गुण ० ते १०० मध्येच आहेत का, हे सांगणारी दुसरी मेथड आज रात्री लिहायची आहे. ० आणि १००, दोन्ही धरून.